दिवाणखान्यातला ऑपेरा

ऑपेराचा जन्म घरात झाला. फ्लॉरेन्समधल्या याकोपो कॉर्सी या धनिक सरदाराकडे कवी, गायक आणि वादक जमायचे. प्राचीन ग्रीक नाटक गाऊन सादर होत असेल तर ते कसं ऐकू येत असेल, यावर तिथे वाद रंगायचे. १५९८च्या कार्निव्हलमध्ये तिथेच ‘दाफ्ने’चा प्रयोग झाला. काव्य ओत्ताव्यो रिनुच्चीनीचं, संगीत मुख्यतः याकोपो पेरीचं. त्या संगीताचे मोजकेच तुकडे आज हाती आहेत आणि त्यांतले दोन खुद्द यजमान कॉर्सीने रचलेले आहेत. १६०० साली मेदिची घराण्यातल्या लग्नानिमित्त पित्ती राजवाड्यात ‘युरिडिची’ झालं, तेव्हाही कॉर्सी पडद्यामागे हार्प्सिकॉर्ड वाजवत होता. मोंतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७मध्ये मांतुआच्या राजवाड्यातल्या एका दालनात निमंत्रितांपुढे सादर झाला. पैसे मोजून कुणालाही आत जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह, व्हेनिसचं सान कास्सियानो, उघडलं १६३७ साली. तोवरची जवळपास चाळीस वर्षं ऑपेरा यजमानांच्या जिवावर जगला.

हे लक्षात घेतलं की आज युरोप-अमेरिकेतल्या कित्येक शहरांत दिसणारा एक प्रकार वेगळाच वाटू लागतो. रविवारी दुपारी कुणीतरी आपलं घर उघडतं. सोफे भिंतीकडे सरकतात, चाळीस-पन्नास खुर्च्या मांडल्या जातात. एक ग्रँड पियानो, तीन-चार गायक, तासाभराचा कार्यक्रम आणि मग सगळ्यांचं एकत्र जेवण. निमंत्रितांनी दिलेली रक्कम एखाद्या छोट्या ऑपेरा कंपनीला किंवा तरुण गायकांच्या शिक्षणनिधीला जाते. याला मोठ्या ऑपेराची हौशी, सोयीस्कर आवृत्ती समजण्याची पद्धत आहे. इतिहास मात्र सांगतो की हेच त्याचं मूळ घर आहे.

या घरगुती परंपरेचा सगळ्यात थोर यजमान जोआकिनो रॉसिनी. एकोणचाळीस ऑपेरा लिहून, १८२९च्या ‘विल्यम टेल’नंतर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने रंगभूमीसाठी लिहिणं थांबवलं. मधली वर्षं आजारपणात आणि खिन्नतेत गेली. १८५५मध्ये पत्नी ओलिंपसह तो पॅरिसला परतला तेव्हा त्याची प्रकृती ढासळलेली होती. तिथे तो सावरला. डिसेंबर १८५८पासून शोसे दांतँ रस्त्यावरच्या त्याच्या घरी शनिवारच्या मैफली सुरू झाल्या आणि त्याच्या अखेरच्या वर्षापर्यंत चालल्या. आधी निवडक मंडळींचं जेवण व्हायचं, मग बाकीचे पाहुणे यायचे आणि गाणं सुरू व्हायचं. लिस्ट, सँ-साँस, मायरबेअर, व्हर्दी अशी माणसं त्या दिवाणखान्यात येऊन गेली. तरुण अ‍ॅडेलिना पात्तीने तिथे ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधली प्रसिद्ध चीज इतक्या आलापी-तानांनी नटवून गायली, की रॉसिनीने तिला ही रचना कुणाची, असं विचारल्याची हकीकत सँ-साँसने नोंदवली आहे. पात्ती दुखावली, पण काही दिवसांनी सल्ला घ्यायला परत आली. थिएटरच्या अंतरावरून असा धडा मिळत नाही. त्यासाठी रचनाकार आणि गायिका एकाच खोलीत असावी लागतात.

रॉसिनीच्या लेखी खाणं आणि गाणं एकाच आस्थेचे विषय होते. मॅकरोनीच्या पोकळीत सारण भरण्यासाठी तो चांदीची पिचकारी वापरायचा. म्हातारपणी रचलेल्या पियानोच्या तुकड्यांना त्याने मुळा, काकडीचं लोणचं, लोणी, सुके अंजीर, बेदाणे अशी नावं दिली. यातले बरेच तुकडे शनिवारच्या मैफलींतच पहिल्यांदा वाजले. नावं जेवणाच्या टेबलावरची असली तरी हे संगीत विलक्षण धीट आहे, आणि घरातला आपुलकीचा श्रोता समोर असल्यामुळेच ते तसं झालं असावं.

त्याची शेवटची मोठी रचना ‘पतीत मेस सोलेनेल’ हीसुद्धा घरासाठीच जन्मली. १४ मार्च १८६४ला पिये-व्हिल या बँकर सरदार घराण्याच्या पॅरिसमधल्या नव्या वाड्यात ती पहिल्यांदा सादर झाली. बारा गायक, दोन पियानो, एक हार्मोनियम, एवढाच संच. पुढे त्याने स्वतःच तिची वाद्यवृंदासाठी आवृत्ती केली. तशीच मागे राहिली तर दुसराच कुणीतरी तिच्यावर वाद्यं चढवेल, ही धास्ती त्याला होती. तरी अनेक गायक आजही मूळ संचच पसंत करतात. तो ऐकला की त्यांचं म्हणणं पटतं.

त्याच काळातल्या पॉलिन व्हिआर्दो या गायिकेने घराचा उपयोग शाळेसारखा केला. ‘द लास्ट सॉर्सरर’ या नावाने आता ओळखला जाणारा तिचा छोटा ऑपेरा १८६७मध्ये बाडेन-बाडेनला रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हच्या बंगल्यात झाला. संहिता तुर्गेनेव्हची, गाणाऱ्या तिच्या शिष्या आणि तिची मुलं, साथीला पियानो. शिष्यांना सराव मिळावा, हा उद्देश उघड होता. ‘सँद्रियों’ हा तिचा सिंड्रेलावरचा ऑपेरा १९०४मध्ये पॅरिसच्या एका खासगी दिवाणखान्यात सादर झाला. तेव्हा व्हिआर्दो ब्याऐंशी वर्षांची होती. आता जगभरची संगीत महाविद्यालयं तो विद्यार्थ्यांकडून आवर्जून करवून घेतात, कारण तो सात गायक आणि एका पियानोवर उभा राहतो.

घरात हा आवाज कसा वाटतो, हे मात्र ऐकल्याशिवाय कळत नाही. ऑपेरा गायक मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदाला पार करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. त्याचं रहस्य नुसत्या जोरात नसतं. वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास एकवटलेली असते. कमावलेला गायक घशातल्या पोकळीचा आकार असा साधतो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या सुमाराला एक जादा तेज येतं. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि मानवी कान तल्लख. स्वीडिश संशोधक योहान सुंडबेर्ग यांनी हे मोजून दाखवलं. दोन हजार माणसांच्या सभागृहासाठी घडवलेलं ते तेज दहा फुटांवरून अंगावर येतं तेव्हा श्रोता दचकतो. श्वास कुठे घेतला, जबडा किती सैल आहे, हे सगळं दिसतं. गायकालाही लपायला जागा नसते. ना रंगभूषा, ना प्रकाशयोजना. म्हणून चांगला गायक घरी गाताना आवाज नुसता बारीक करत नाही. तो चीजा बदलतो, आणि पियानोचं झाकण किती उघडायचं ते साथीदाराशी आधी ठरवतो.

जेवणाचा क्रमही बदलला आहे. रॉसिनीकडे आधी ताट, मग गाणं. आजच्या दुपारच्या मैफलीत बहुधा गाणं आधी, कारण भरल्या पोटी दीर्घ श्वास खाली उतरत नाही. अडचण एवढीच की सकाळी आवाज जड असतो. दुपारी बाराला वरचा षड्ज लखलखीत लावायचा तर गायकाला पहाटेपासून तयारी करावी लागते. पंगतीत गायक पाहुण्यांशेजारी बसतात, आणि देणगीचा खरा प्रश्न तिथेच, कुणी न विचारता, सुटतो. पैसे कशासाठी दिले हे देणाऱ्याला समोर दिसतं.

कलावंतासाठी निधी उभारण्यालाही मोठा वारसा आहे. लंडनमधला नामवंत ओबोवादक किच निर्धन अवस्थेत वारला आणि त्याची दोन पोरकी मुलं हेमार्केटच्या रस्त्यावर दुभत्या गाढविणी हाकताना संगीतकारांना दिसली, अशी कथा आहे. त्यातून १७३८मध्ये हलाखीतल्या संगीतकारांसाठीचा निधी सुरू झाला. संस्थापकांत हँडेल होता आणि मृत्युपत्रात त्याने या निधीला १००० पौंड ठेवले. रॉसिनीच्या संपत्तीतून पॅरिसला वृद्ध गायकांसाठी निवास उभा राहिला, तर व्हर्दीने मिलानला संगीतकारांचा वृद्धाश्रम बांधला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९०२मध्ये उघडला आणि आजही भरलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये महामंदीने मेट्रोपॉलिटन ऑपेराला घेरलं तेव्हा एलेनॉर बेलमाँट या माजी अभिनेत्रीने १९३५मध्ये ‘ऑपेरा गिल्ड’ काढून सामान्य रसिकांनाही वर्गणीदार केलं. गिल्डचे भोजनसमारंभ पुढे त्या शहराच्या संगीतजीवनाचा भाग झाले.

मराठी रसिकाला हे परकं वाटू नये. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र आले तो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. घरगुती बैठक तर इथल्या गाण्याचा कणाच आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६मध्ये नव्याने उघडलं तेव्हा गायल्या त्या मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. पण इथल्या तरुण ऑपेरा गायकांना असं थिएटर मिळेपर्यंत दिवाणखानेच लागतील.

घर किती दूर नेऊ शकतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या ससेक्समधलं ग्लाइंडबर्न. जॉन ख्रिस्ती या जमीनदाराने १९२०च्या दशकात आपल्या वाड्यातल्या ऑर्गनच्या दालनात हौशी ऑपेरा सुरू केले. अशाच एका प्रयोगासाठी आलेली गायिका ऑड्री माइल्डमे १९३१मध्ये त्याची पत्नी झाली, आणि करायचं तर नीट करू, हा आग्रह तिचाच. २८ मे १९३४ला वाड्याला लागून बांधलेलं तीनशे आसनांचं थिएटर मोझार्टच्या ‘फिगारो’ने उघडलं. सुझाना ऑड्रीच होती. वाद्यवृंदाचा संचालक फ्रिट्झ बुश आणि दिग्दर्शक कार्ल एबर्ट हे दोघे नाझी जर्मनी सोडून आलेले. मध्यंतर दीड तासाचं, हिरवळीवर जेवण्यासाठी. ती प्रथा अजून चालू आहे. १९९४पासून तिथे बाराशे आसनांचं नवं थिएटर आहे, आणि उन्हाळी महोत्सव सरकारी अनुदानाशिवाय, तिकिटांवर आणि देणग्यांवर चालतो.

पण १९६८पासून ग्लाइंडबर्नचा दौराही होता. शरद ऋतूत तेच ऑपेरा तरुण गायकांना घेऊन दुसऱ्या शहरांत जायचे, तिथल्या लोकांना परवडणाऱ्या तिकिटांत. तो सार्वजनिक पैशावर उभा होता. नोव्हेंबर २०२२मध्ये इंग्लंडच्या कला परिषदेने ते अनुदान निम्म्यावर आणलं. २०२३ साली महोत्सव नेहमीसारखा झाला, हिरवळीवर पंगतीही बसल्या. दौरा मात्र रद्द झाला, आणि कँटरबरी, नॉरिच, मिल्टन कीन्सचे प्रेक्षक त्या वर्षी ग्लाइंडबर्नच्या ऑपेराला मुकले.