डॉक्टर लागूंचे पाच गुरुजी

मुलगा डॉक्टर झाला म्हणजे आपल्या घरात पेढे वाटले जातात, आणि तोच मुलगा नाटकात जातो म्हणाला म्हणजे वडीलमाणसे कपाळाला हात लावतात. नटाचा धंदा म्हणजे छंदीफंदी माणसाचा उद्योग, त्याला ना अभ्यास लागतो ना शिस्त, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. ही समजूत कितपत खरी आहे हे पडताळून पाहावयाचे असेल, तर ज्यांनी या दोन्ही वाटा स्वतः तुडविल्या, त्या डॉक्टर श्रीराम लागू यांच्या जीवनक्रमाकडे पाहावे. माझा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सोबतीत गेला. त्यामुळे त्यांनी रंगविलेल्या अनेक भूमिकांपैकी शिक्षकाच्या भूमिकांकडे माझे लक्ष अधिक वेधले जाते. अशा पाच भूमिकांच्या आधारे या थोर नटाचा परिचय करून देण्याचे मी योजिले आहे.

लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले, आणि नाटकाची गोडीही त्यांना विद्यार्थिदशेतच लागली. पुढे भालबा केळकर आदी स्नेह्यांसह त्यांनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेच्या द्वारे नाटके केली. व्यवसायाने ते कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य होते. पुण्यात आणि आफ्रिकेतील टांझानिया देशात टाबोरा येथे त्यांनी वैद्यकी केली. १९६९ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, त्यांनी हा चालता व्यवसाय बाजूस ठेवला आणि पूर्ण वेळ रंगभूमीला वाहून घेतले. निमित्त झाले वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाचे. ज्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव आज आमच्या जिल्ह्यास आहे, त्यांच्या अखेरच्या दिवसांचे हे नाटक.

घशाच्या डॉक्टराने नट व्हावे यात एक मौज आहे. आपला आवाज निघतो तो फुप्फुसातील हवेच्या जोरावर. ती हवा स्वरयंत्रातील दोन नाजूक पडद्यांना कंप देते, आणि छाती, मुख व नासिका यांच्या पोकळीत तो कंप घुमून भरदार होतो. घसा ताणून ओरडणाऱ्याचा आवाज लवकर बसतो. पोटापासून श्वास घेऊन बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि तरी शाबूत राहतो. आम्हा शिक्षकांनाही हे ज्ञान वेळीच मिळावयास हवे, कारण साठ मुलांच्या वर्गात बोलणे हाही एक प्रयोगच असतो. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया असलेल्या या नाटकात लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. आपले सर्वस्व मुलांना वाटून देणाऱ्या आणि मग निराधार होणाऱ्या त्या वृद्ध नटाची लांबच लांब भाषणे पेलणे हे नटाच्या श्वासाचे आणि बुद्धीचे कठोर परीक्षण होते. त्या परीक्षेत ते कसे उतरले हे महाराष्ट्र जाणतो.

आता गुरुजींकडे वळू. पहिले गुरुजी १९७२ सालच्या ‘पिंजरा’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातले. हाइन्रिख मान यांच्या कादंबरीवरून १९३० साली जर्मनीत ‘ब्लू एंजल’ नावाचा बोलपट निघाला होता. एका कडक शिस्तीच्या अध्यापकाचा नर्तकीच्या मोहाने झालेला अधःपात त्यात दाखविला होता. ‘पिंजरा’ने तेच बीज मराठी मातीत पेरले. गावाला वळण लावणारे आदर्श गुरुजी तमाशातील स्त्रीच्या मोहात सापडतात, आणि दुसऱ्याच माणसाच्या प्रेतावरून गाव त्यांना मृत समजतो. गावात त्यांचा पुतळा उभा राहतो. इकडे जिवंत गुरुजी फडात पडेल ते काम करीत दिवस कंठतात, आणि अखेरीस गुरुजींचा खुनी म्हणून तेच न्यायालयात उभे राहतात. पुतळा भंगू नये म्हणून ते सत्य सांगत नाहीत. शिक्षकाला देव करून मखरात बसविले म्हणजे त्याला माणूस म्हणून चुकण्याची आणि सुधारण्याची वाट कशी बंद होते, याचे हे दर्शन मला आजही अस्वस्थ करते.

दुसरे शिक्षक ‘सामना’ चित्रपटातले मास्तर. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. हे मास्तर आदर्श मुळीच नाहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत उमेद खर्च झालेला, दारूच्या आहारी गेलेला हा फाटका माणूस साखर कारखान्याच्या धन्याच्या आश्रयास येतो. निळू फुल्यांनी रंगविलेला तो हिंदुराव गावाचा सर्वाधिकारी. परंतु मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचे पुढे काय झाले, एवढे विचारावयाचे मास्तर सोडीत नाहीत. आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाच्या सत्तेचा पाया खचतो. ‘पिंजरा’तील गुरुजी शुचिर्भूत आणि मुके, तर ‘सामना’तील मास्तर मलिन पण बोलते. दोघांपैकी समाजाच्या उपयोगी कोण पडला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथे नटाच्या कारागिरीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रंगभूमीवर नट दूरच्या प्रेक्षकासाठी बोलतो. चित्रपटात कॅमेरा हातभर अंतरावर येतो आणि पापणीची हालचालही पडद्यावर मोठी दिसते. शिवाय नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालते. चित्रपटातील प्रसंग मात्र सोयीप्रमाणे मागेपुढे चित्रित होतात, म्हणून भावनेचा चढउतार नटाला मनात जपून ठेवावा लागतो. दूरचित्रवाणीचे माप आणखी निराळे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि १९८५ च्या सुमारास घरोघर मालिका दिसू लागल्या. ‘खानदान’ या हिंदी मालिकेत लागू दिसले. तेथे प्रेक्षक आपल्याच बैठकीत बसलेला असतो, त्याच्याशी घरच्यासारखे बोलावे लागते. ही तिन्ही मापे सांभाळणारा नट विरळा. हिंदी चित्रपटानेही त्यांची कदर केली, आणि १९७७ च्या ‘घरौंदा’साठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

तिसरे गुरू इतिहासातले. १९८२ साली रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ हा इंग्रजी चित्रपट आला. रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेले बेन किंग्जली त्यात गांधीजी झाले, तर इंग्लिश रंगभूमीचे बुजुर्ग जॉन गिलगुड लॉर्ड आयर्विन झाले. कस्तुरबांच्या भूमिकेबद्दल रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. लागूंकडे भूमिका आली ती नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची. गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत, आणि गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. आधी देश डोळ्यांनी पाहा, मग बोला, हा त्यांचा उपदेश. भूमिका लहान, पण शिष्याला उत्तर न देता त्याला पाहावयास धाडणारा गुरू तिच्यात दिसतो.

चौथे शिक्षक मृणाल सेन यांच्या १९८९ च्या ‘एक दिन अचानक’ चित्रपटातील प्राध्यापक. पावसाच्या एका संध्याकाळी ते घराबाहेर पडतात आणि परत येत नाहीत. मागे राहिलेली माणसे आठवणींतून त्यांना शोधीत राहतात. आयुष्यभर विद्वान म्हणून मिरविलेला माणूस आतून किती सामान्य आणि किती एकटा असू शकतो, हे लागू जवळजवळ काही न बोलता सांगून जातात. सेवानिवृत्त शिक्षकांनी हा चित्रपट जरूर पाहावा, आणि त्यांच्या मुलांनी तर अवश्य पाहावा.

पाचवे गुरू साऱ्या गुरूंचे गुरू, अथेन्सचा सॉक्रेटिस. मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे नाटक अतुल पेठे यांनी १९९९ साली रंगभूमीवर आणले. तेव्हा लागूंनी सत्तरी ओलांडली होती, आणि इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये विषाचा पेला घेणाऱ्या सॉक्रेटिसाचे वयही सत्तरच होते. तरुणांना बिघडविल्याचा आरोप झाला, तरी प्रश्न विचारण्याचे सोडून जीव वाचविणे त्याला मान्य नव्हते. पहिले गुरुजी मरणाला सामोरे गेले ते एका खोट्या पुतळ्याच्या रक्षणासाठी, आणि पाचवा गुरू गेला तो प्रश्नाच्या रक्षणासाठी. स्वतः लागू हे विवेकवादी होते. देवाधर्माविषयीची आपली परखड मते ते सभांतून उघड मांडीत, आणि त्याबद्दल लोकांचा रोषही पत्करीत. त्यामुळे ही भूमिका त्यांच्या मुखी शोभली यात नवल नाही.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात, वयाच्या ९२ व्या वर्षी, डॉक्टर लागूंचे निधन झाले. ‘लमाण’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचावयास उपलब्ध आहे. इकडचा माल तिकडे वाहून नेणारा तो लमाण, हे नाव एवढ्या मोठ्या नटाने स्वतःस घ्यावे यातच त्यांची वृत्ती दिसते. शिक्षक तरी दुसरे काय करतो?

डॉक्टर रोग्याला तपासतो, तसे लागूंनी माणसाला तपासले. त्या तपासणीत कोठेही गोड खोटेपणा नाही. तेव्हा मुलगा नाटकात जातो म्हणाला, तर पालकांनी एकदम रागावू नये. आवाजावर, भाषेवर आणि निरीक्षणावर वर्षानुवर्षे मेहनत घेण्याची तुझी तयारी आहे काय, एवढे त्याला विचारावे. आणि आम्हा शिक्षकांना कोणी पुतळ्यासारखे पूजू लागले, तर नम्रपणे त्या चौथऱ्यावरून उतरावे आणि मुलांना प्रश्न विचारावयास शिकवावे.