सदाफुलीच्या पानातून औषध निघतं कसं

आमच्या देवळा गावात सदाफुली मुद्दाम लावावी लागत नाही. अंगणात, बांधाच्या कडेला, ओट्याच्या फटीतसुद्धा ती उगवते आणि उन्हाळाभर फुलते. 'शुगरवर चांगली' म्हणून सकाळी तिची पानं चघळणारी माणसं भेटतात. तिच्यापासून कॅन्सरचं औषध बनतं, हेही ऐकून बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि ते खरंच आहे. फक्त पान आणि औषध यांच्यामध्ये काय घडतं, ते कुणी सांगत नाही.

सुरुवात शुगरपासूनच झाली. 1952 साली जमैकातून सदाफुलीची 25 पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. तिकडेही लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला, साखर हलली नाही. मग तो टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी पार घटलेल्या! ब्लड कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात. एखाद्याने अर्क विषारी म्हणून फेकून दिला असता. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर त्याच्या मागे लागले. 1958 साली त्यांनी त्यातलं व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं द्रव्य जगापुढे मांडलं. पुढे याच पानांतून व्हिंक्रिस्टिनही मिळालं. झाड परंपरेनेच दाखवलं होतं, रोग मात्र वेगळा निघाला.

अर्कातून नेमकं द्रव्य वेगळं काढणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम. त्यात जगभर नाव झालेले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. जन्म 1925 चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत मनरो वॉल यांच्याबरोबर संशोधन. त्यांची पद्धत अशी: वाळवलेली साल दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि तो आटवायचा. त्यात असंख्य द्रव्यं एकत्र असतात. मग पाणी आणि पाण्यात न मिसळणारा द्रव यांच्यात तो घुसळायचा. काही द्रव्यं इकडे जातात, काही तिकडे. दोन्ही भाग कॅन्सरच्या पेशींवर किंवा ल्युकेमिया असलेल्या उंदरांवर तपासायचे. जो लागू पडेल तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग करायचे, पुन्हा तपासायचे. असं करत करत शेवटी एकच शुद्ध द्रव्य हाती येतं. यू नावाच्या झाडाच्या 12 किलो सालीतून त्यांना जेमतेम अर्धा ग्रॅम टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं द्रव्य मिळालं. त्याची रचना 1971 साली छापून आली. औषध म्हणून अमेरिकेत परवानगी मिळाली 1992 मध्ये.

मधली ही वर्षं कुठे जातात, ते कॅम्पटोथेसिन या दुसऱ्या द्रव्यावरून कळतं. तेही वॉल आणि वाणी यांनीच 1966 साली एका चिनी झाडातून काढलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या संशोधकांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं. पण रुग्णांना देऊन पाहिल्यावर लघवीतून रक्त जाऊ लागलं, अस्थिमज्जा दबली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी तर मिठानेही मरतात. माणसाला वाचवून कॅन्सर मारणं ही खरी परीक्षा. कॅम्पटोथेसिन पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम अडवतं, हे 1985 साली कळलं. त्याच्या रेणूत फेरफार करून बनलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान यांना 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. इकडे या द्रव्याच्या मागणीपायी सह्याद्रीतल्या नरक्यावर मात्र बेसुमार कुऱ्हाड चालली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सदाफुलीच्या काढ्याचं. व्हिंक्रिस्टिन मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि ते फक्त शिरेतूनच देतात. तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. काढ्यात ते किती उतरलं, हे घरी मोजता येत नाही, आणि त्याच पानांतली इतर कितीतरी अल्कलॉइडं सोबत पोटात जातात. घरात कुणाची केमो चालू असेल आणि ती व्यक्ती कसलाही काढा घेत असेल, तर पुढच्या खेपेला तो काढा ज्या पाल्याचा आहे त्याचं नाव डॉक्टरांना सांगा. काही वनस्पती यकृतात केमोच्या औषधांचा निचरा अडवतात किंवा वाढवतात, आणि त्यामुळे नेहमीचा डोस कमी किंवा जास्त ठरू शकतो.