कस्तुरबा विद्यालयातील जागा कोणासाठी?

घनसावंगी परिसरातील खेड्यांत मुलगी सातवी-आठवी झाली की घरात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? गावातली उर्दू शाळा बहुधा तेवढ्याच इयत्तेपर्यंत असते. पुढची शाळा दुसऱ्या गावात आणि एसटीचा भरवसा नाही. काही घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरलीही सोबत जाते. नाव शाळेच्या पटावर, मुलगी मात्र कोपीवर!

अशाच मुलींसाठी केंद्र सरकारने २००४ मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही निवासी योजना सुरू केली. ज्या तालुक्यांत स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते तालुके निवडले गेले. जालना जिल्ह्यातही अशी विद्यालये आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८१ टक्क्यांहून अधिक, तर स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास होती. वीस टक्क्यांची ही दरी आपल्याच लेकींची आहे.

या विद्यालयाचा पट नेहमीच्या शाळेसारखा नसतो. शाळा सुटलेल्या आणि कधी शाळेत न गेलेल्या मुलींना इथे प्राधान्य आहे. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक मुलींसाठी, तर २५ टक्के दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी असतात. राहणे, जेवण, पुस्तके सारे मोफत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ७५ टक्क्यांत मुस्लिम मुलींचा वेगळा वाटा ठरवलेला नाही. आपण अर्जच केला नाही तर त्या जागा इतर गरजू मुलींना मिळतील आणि त्यात कोणाचा अन्यायही नसेल. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले होते की ६ ते १४ वयोगटातील चारपैकी एक मुस्लिम मूल एकतर शाळेत गेलेच नाही किंवा शाळा सोडून बसले. त्यानंतरही आपण सरकारकडेच बोट दाखवत राहायचे का?

वालिदैनची काळजी खरी आहे. मुलगी परक्या ठिकाणी राहणार, तर पर्दा, नमाज, हलाल जेवण यांचे काय? विद्यालय फक्त मुलींचे असते, ही मोठी सोय. बाकीचे प्रश्न घरात बसून सुटत नाहीत. अम्मी-अब्बांनी स्वतः जावे, वसतिगृह पाहावे, वॉर्डनशी मोकळेपणाने बोलावे. उर्दूतून मराठीत येणाऱ्या मुलीला पहिले काही महिने जड जातात. तिच्यासाठी वेगळा वेळ मिळेल का, हेही विचारावे.

“आता वय उलटले” असे म्हणून मुलीला घरी ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते. चौदा वर्षे पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफत असते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २०१८ नंतर ही विद्यालये बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूदही झाली आहे. जवळचे विद्यालय कितवीपर्यंत आहे, हे पंचायत समितीच्या गटशिक्षण कार्यालयात कळेल.

इल्म हासिल करणे मर्द-औरत दोघांवर फर्ज आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. प्रत्येक मशिदीच्या जमातने आपल्या मोहल्ल्यातील शाळा सुटलेल्या मुलींची यादी जून उजाडण्याआधी केली, तर या फर्जची सुरुवात तिथूनच होईल, इन्शाअल्लाह.