गोड लोणी आणि साखरेची गोष्ट

नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये घरोघरी जेवणाच्या शेवटी ख्रिसमस पुडिंग येते. बेदाणे, मनुका, मसाले आणि जनावराची चरबी घालून तासन्‌तास वाफवलेला तो काळपट, जड गोळा. तो गरम असतानाच त्यावर चमचाभर थंड गोड लोणी ठेवतात आणि ते विरघळत खाली ओघळते. हेच ब्रँडी-बटर. आपण पुरणपोळीवर तूप सोडतो, त्यातलाच प्रकार म्हणा ना!

कृती सोपी आहे. १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, तेवढीच पिठीसाखर आणि दोन-तीन मोठे चमचे ब्रँडी. लोणी मऊ असावे, पातळ नसावे. ते पांढरे व हलके होईपर्यंत फेसायचे, मग साखर थोडी थोडी घालायची. ब्रँडी मात्र थेंबाथेंबानेच घालायची. घाई केली की लोणी फाटते, कारण स्निग्ध आणि पाणी एकमेकांना सहजी धरत नाहीत. शिजवणे कुठेच नाही, त्यामुळे दारू जशीच्या तशी राहते. पंचशील पाळणाऱ्या आपल्या घरांत ती चालणार नाही, हे उघड आहे. त्यावरचा उपाय पुढे सांगतो.

इंग्लंडच्या वायव्येकडील कम्बरलँड भागात याच लोण्याचा एक जुना भाऊ आहे, रम-बटर. त्यात तपकिरी साखर, जायफळ आणि रम असते. घरात मूल जन्मले की भेटीस येणाऱ्यांना ते देत. रिकाम्या झालेल्या भांड्यात बाळासाठी नाणी टाकण्याची रीतही होती.

पण आमचे मन अडकले ते वेगळ्याच ठिकाणी. डोंगराळ, थंड कम्बरलँडमध्ये ऊस कुठला? ही रम आणि साखर व्हाइटहेवन बंदरात जहाजांनी येई, वेस्ट इंडिज बेटांवरून. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून ऊस तोडत होती. ज्यांच्या घरात ऊसतोडीचा कोयता आहे, त्यांना त्या कामाचे वर्णन करून सांगायला नको. त्यात मजुरी नाही, सुटका नाही आणि आपले मूलही मालकाचेच!

१७९१ साली विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढले. वेस्ट इंडिजची साखर व रम वापरू नका, असे त्यात ब्रिटिश जनतेला आवाहन होते. बाजारहाट बायकांच्या हाती असल्यामुळे हा बहिष्कार मुख्यतः त्यांनीच घरोघरी चालवला. चळवळीतले थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर सोडली. पुढे १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्या वेळी २ कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. कोणाला? मालकांना! राबलेल्यांना एक पैसाही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश सरकारने २०१५ साली मिटवला. आम्ही कारकून माणसे, आकडे रोज पाहतो. पण हा आकडा वाचून हात थांबला.

आता उपाय. ब्रँडीऐवजी संत्र्याची किसलेली साल आणि दोन चमचे रस घालावा. आम्ही घरी पहिल्यांदा केले तेव्हा रस फ्रिजमधून काढून एकदम ओतला आणि लोण्याचे दाणे दाणे झाले. धाकटी म्हणाली, "बाबा, ताक कुठाय?" भांडे कोमट पाण्यात क्षणभर धरून पुन्हा फेसले, तेव्हा जमले. घरचे लोणी वापरणार असाल तर ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन, दाबून पाणी काढून घ्या. सालीचा पांढरा भाग किसू नका, कडू लागतो. गरम शिऱ्यावर किंवा भाजलेल्या पावावर हे लोणी फार छान लागते. फ्रिजमध्ये झाकून ठेवले तर तीन-चार दिवस राहते. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी डबा रिकामा होता.