राजा दीनदयाळांचा मोठा कॅमेरा

जुन्या वाड्यांतील दिवाणखान्यांत पणजोबांची एखादी तसबीर असतेच. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, एक हात कोरीव खुर्चीवर, आणि मुद्रा अशी की हसू म्हणून काही असते हे जणू ठाऊकच नाही! त्या काळची माणसेच करारी होती, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य असेल. परंतु त्या करारीपणाचा निम्मा वाटा छायाचित्रकाराच्या यंत्राकडे जातो. हे यंत्र समजून घ्यायला इंदूरकरांना फार दूर जायला नको.

मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि १८६६ च्या सुमारास इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर रुजू झाले. कॅमेरा त्यांनी हाती धरला तो येथेच, १८७४ साली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. आपले डेली कॉलेज ज्यांचे नाव मिरवते त्या सर हेन्री डेलींनीही त्यांची पाठ थोपटली. पुढे १८८५ साली ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ हा किताब पावले.

त्या काळचा मोठा कॅमेरा म्हणजे लाकडाच्या दोन चौकटी आणि त्यांना जोडणारा घडीचा भाता. पुढच्या चौकटीत पितळी नळीतले भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच. डोक्यावर काळे फडके घेऊन छायाचित्रकार त्या काचेवर पाही, तेव्हा समोरचे सरदार त्याला खाली डोके वर पाय असे दिसत! भाता मागेपुढे सरकवून चित्र रेखीव झाले, की दुधी काचेच्या जागी रसायनाचा लेप दिलेली काच बसवायची आणि भिंगावरचे झाकण काढून, मनात आकडे मोजून, पुन्हा लावायचे.

ही काच आठ बाय दहा किंवा दहा बाय बारा इंचांची, क्वचित त्याहूनही मोठी असे. एवढी मोठी कशाला? लहान काचेवरून मोठा फोटो काढण्याची सोय तेव्हा सहजसाध्य नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आणि चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद काचेला चिकटवून चौकट उन्हात ठेवीत. म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. काच मोठी तसे भिंगही मोठे लागे, आणि जवळून तसबीर घेताना त्याची नजर फार उथळ. डोळे रेखीव आले तर कान धूसर. बसणारा दोन बोटे पुढे झुकला तरी मेहनत वाया! म्हणून मानेमागे दृष्टीआड लोखंडी टेकू देत. हसू तेवढा वेळ टिकत नाही, गांभीर्य टिकते.

आरंभी काचेला ओला लेप द्यावा लागे व तो वाळण्याच्या आत सारे काम उरकावे लागे. १८८० नंतर तयार कोरड्या काचा रुळल्या आणि ही धांदल संपली. मोठ्या काचेवर चेहराही मोठा उतरे, त्यामुळे सुरकुत्या आणि देवीचे व्रण टोकदार पेन्सिलीने काचेवरच सौम्य करता येत. आपल्या पणज्यांच्या नितळ कांतीचे रहस्य पुष्कळदा एवढेच!

हे अवजड यंत्र पडद्याआडही पोहोचले. १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपियन बाईंच्या हाती सोपविला. पुरुषाची नजर नको म्हणून ज्यांची तसबीर कधी निघाली नसती, अशा स्त्रियांना त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बसता आले.

दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या सुखरूप आहेत. परंतु गावोगावच्या लहान स्टुडिओंच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. लेप खरवडून काचा पुन्हा वापरल्या जात, नाहीतर अडगळीत फुटून जात. अशा तसबिरींची मूळ काच गेली असेल, तर घरातला कागदी फोटो हाच काय तो एकमेव पुरावा उरतो.

तेव्हा वाचकहो, जुनी तसबीर उन्हाच्या व ओलीच्या भिंतीवर टांगू नये आणि फोटोला ओले फडके लावू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खुर्चीवर बसलेले कोण आणि मागे उभे कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्यावे आणि पुठ्ठ्याच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे. चेहरे त्या मोठ्या काचेने दीडशे वर्षे जपले. नावे जपणे मात्र तिच्या हाती नव्हते.