डाग ग्रहणाचा की आणखी कशाचा?

“पोटुशी असताना ग्रहणात काहीतरी चिरलं असशील!” बाळाच्या अंगावर डाग दिसला, की आपल्या धर्माबादेकडे पहिला ठपका आईवर येतो.

एखाददुसरा डाग पुष्कळ बाळांना असतो. त्याचे काही नाही. पण चहाच्या रंगाचे, सपाट, तुरीच्या डाळीहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर बाळ डॉक्टरांना जरूर दाखवा. काखेत बारीक ठिपके असले तर नक्कीच. हा ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस’ असू शकतो. साधारण तीन हजारांत एकाला होणारा, सतराव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या बिघाडाचा आजार. वयात येताना अंगावर मऊ गाठीही येतात.

डागांना मलमे चोळत बसू नका, ती व्यर्थ. काळजी हाडांची करायची! चालू लागलेल्या लेकराचे दोन्ही पाय सारखेच थोडे बाकदार असतात, ते सरळ होतात. मात्र एकाच पायाची नडगी पुढे वाकलेली दिसली, तर न्हाऊ घालणारीला ती चोळून सरळ करू देऊ नका. ते हाड कच्चे असते. मोडले तर सहजी सांधत नाही. वेळीच आधाराचा पट्टा लावतात. शाळकरी वयात पाठीचा कणा वाकतो का, तेही पाहावे. डोळेही तपासून घ्यावेत.

निम्म्या मुलांत हा बिघाड नव्यानेच होतो. विळीचा, ग्रहणाचा संबंध नाही. शिवल्याने तो लागत नाही. उरलेल्यांत आईकडून येतो तसाच बापाकडूनही. तेव्हा सासूबाईंनी लेकाचीही पाठ एकदा पाहावी!

नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जाताना डाग मोजून, कागदावर लिहून न्या.