व्हिसाच्या दाराला विम्याचे दुसरे कुलूप

परदेशातील भारतीयांच्या व्हिसाविषयी संसदेत प्रश्न उपस्थित झाला की परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्तरात एक आशय हमखास आढळतो : व्हिसा देणे वा नाकारणे हा संबंधित देशाचा सार्वभौम अधिकार आहे. सदस्य बदलतात, मंत्री बदलतात, सत्ताधारी बाके आणि विरोधी बाके यांची अदलाबदल होते. परंतु हे उत्तर काही बदलत नाही. ते चुकीचेही नाही. आपल्या भूमीवर कोणी यावे आणि किती काळ राहावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहेच. प्रश्न तेथे संपत नाही, सुरू होतो. एकदा आत घेतलेल्या माणसासाठी अटी अर्ध्या वाटेवर बदलण्याचा अधिकारही तितकाच निरंकुश आहे काय, हा तो प्रश्न होय.

गेल्या दोन दशकांत या अटींचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी नोकरी, शिक्षण किंवा नातेसंबंध यांचा पुरावा पुरेसा असे. आता त्याच्या जोडीला प्रकृतीच्या खर्चाची हमी मागितली जाते. कोठे ती विमा पॉलिसीच्या रूपाने द्यावी लागते, कोठे सरकारी अधिभाराच्या रूपाने. व्हिसाच्या दाराला लागलेले हे दुसरे कुलूप आहे, आणि त्याच्या किल्लीची किंमत यजमान देशाच्या अंतर्गत राजकारणानुसार वाढत जाते. याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे.

दोनशे पौंडांपासून हजारापर्यंत

ब्रिटनने सहा महिन्यांहून अधिक काळासाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांवर एप्रिल २०१५ मध्ये आरोग्य अधिभार लागू केला. तेव्हा तो माणशी वर्षाला २०० पौंड होता. जानेवारी २०१९ मध्ये तो ४०० झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५ पौंड. मुले आणि विद्यार्थी यांच्यासाठी तो ७७६ पौंड ठरला. नऊ वर्षांत पाचपटीहून अधिक वाढ झालेला हा आकार दरवर्षी किंवा हप्त्यांनी भरण्याची सोय नाही. व्हिसाच्या संपूर्ण मुदतीची रक्कम अर्जासोबतच भरावी लागते. पती, पत्नी आणि दोन मुले असे कुटुंब पाच वर्षांच्या व्हिसावर निघाले तर केवळ या अधिभारापोटी १८,११० पौंड मोजावे लागतात. रुपयांत ही रक्कम वीस लाखांच्या पुढे जाते. व्हिसाचे शुल्क त्याखेरीज.

यावर ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा करदात्यांच्या पैशांवर अनेक पिढ्यांनी उभी केली आहे. काल आलेल्याने तिचा लाभ घेताना आपला वाटा उचलावा, अशी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. तथापि नोकरदार स्थलांतरित तेथे प्राप्तिकर भरतो, राष्ट्रीय विम्याची वर्गणीही त्याच्या वेतनातून कापली जाते. त्या दोहोंच्या वर हा तिसरा आकार. साहजिकच एकाच सेवेसाठी दोनदा पैसे घेतले जातात, ही तक्रार सातत्याने होत आली आहे.

या वादाला सर्वाधिक धार आली ती मे २०२० मध्ये. कोविडच्या साथीत रुग्णालयांतील परदेशी डॉक्टर आणि परिचारिका जिवावर उदार होऊन राबत असताना त्यांच्याकडूनही अधिभार घेतला जात होता. विरोधी पक्षनेते केअर स्टार्मर यांनी कॉमन्स सभागृहात त्याबद्दल जाब विचारला. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २० मे रोजी अधिभाराचे समर्थन केले आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेऊन आरोग्य व सेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना त्यातून वगळले. लोकमताचा दाब असेल तर सार्वभौम अधिकारही चोवीस तासांत लवचिक होतो, याचा हा पुरावा होता.

परंतु लोकमताचा काटा उलटही फिरतो. जुलै २०२३ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील वेतनवाढीसाठी पैसा उभा करताना पंतप्रधान ऋषी सुनक यांनी व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार वाढविण्याचा मार्ग निवडला. भारतीय वंशाचा पंतप्रधान आल्यावर भारतीयांना झुकते माप मिळेल, असे ज्यांना वाटत होते त्यांना यातून राजकारणाचा प्राथमिक धडा मिळाला. सत्तेवरील व्यक्तीचे मूळ कोठलेही असो, तिचे उत्तरदायित्व तिच्या मतदारांशी असते. ज्या स्टार्मर यांनी २०२० मध्ये परदेशी परिचारिकांची बाजू लावून धरली, त्यांच्याच सरकारने मे २०२५ मध्ये स्थलांतरविषयक श्वेतपत्रिका काढली आणि कायम वास्तव्यासाठी सर्वसाधारण पात्रतेचा काळ पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्याचे सूतोवाच केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील सल्लामसलतीसाठी मांडला. आधीच ब्रिटनमध्ये असलेल्या, परंतु कायम वास्तव्याचा हक्क न मिळालेल्या लोकांनाही नवी मोजपट्टी लावण्याचा सरकारचा मानस त्यातून स्पष्ट झाला.

येथे अधिभार आणि मुदत यांचा संबंध लक्षात घ्यावयास हवा. कायम वास्तव्याचा हक्क मिळाला की अधिभार थांबतो. मुदत पाचावरून दहावर गेली तर अधिभाराची वर्षेही दुप्पट होतात. घर, मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांची सोय यांचे गणित ज्यांनी पाच वर्षांच्या हिशेबावर मांडले, त्यांच्यासाठी हा नियमातील किरकोळ फेरफार नव्हे.

न्यायालयाने दाखविलेली वाट

हे प्रथमच घडत आहे असे मात्र नाही. २००२ मध्ये ब्रिटनने उच्च कुशल व्यावसायिकांसाठी विशेष योजना सुरू केली. हजारो भारतीय अभियंते, डॉक्टर, व्यवस्थापक येथील नोकऱ्या सोडून त्या भरवशावर गेले. एप्रिल २००६ मध्ये कायम वास्तव्याची मुदत चारावरून पाच वर्षे करण्यात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिसा वाढवून घेण्यासाठी गुणांची नवी कसोटी आली. ती जुन्या व्हिसाधारकांनाही लागू होती. त्यांनी संघटना बांधली, निधी जमविला आणि न्यायालय गाठले. ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने २००७ मध्ये या बदलांवर कठोर टीका केली. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निवाडा दिला : ज्यांना एका अटीवर बोलावले, त्यांच्यावर मागाहून दुसरी अट लादणे न्याय्य नाही. पुढच्या वर्षी चार वर्षांच्या मुदतीबाबतही निकाल त्यांच्याच बाजूने लागला.

त्याच एप्रिल २००८ मध्ये भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विजय मिळविला. युरोपबाहेरील डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे ठेवणारी आरोग्य खात्याची मार्गदर्शक सूचना बेकायदा ठरली. २०१२ मध्ये अल्वी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक तत्त्व अधोरेखित केले : अर्जदाराला बंधनकारक ठरणारी अट संसदेसमोर ठेवलेल्या नियमांतच असली पाहिजे; खात्याच्या पत्रकात ती दडवून ठेवता येणार नाही.

या तिन्ही निकालांचे मर्म एकच आहे. नियम बदलण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार न्यायालयांनी नाकारला नाही. दिलेल्या शब्दाचे आणि संसदीय छाननीचे बंधन मात्र त्यावर आहे, एवढेच त्यांनी सांगितले. परंतु २००८ च्या निकालाला योजनेतील सुस्पष्ट आश्वासनांचा आधार होता. नंतरच्या सरकारांनी धडा घेतला आणि आश्वासने देणेच टाळले. म्हणूनच तो निकाल आजच्या स्थलांतरितासाठी आपोआप कवच ठरेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ब्रिटनमधील भारतीयांना तेथे मतदानाचा हक्क आहे. तरी तो अनेक मतदारसंघांत विखुरलेला आणि परस्परविरोधी हितसंबंधांत विभागलेला आहे. जुने स्थिरावलेले भारतीय नव्यांच्या बाजूने उभे राहतीलच असे नाही.

केंद्रीय कर्मचाऱ्याचे कार्ड आणि टोरंटोचा विमा

दिल्लीतील मराठी कुटुंबांत हा विषय वेगळ्या वाटेने येतो. परिचयातील एक गृहस्थ केंद्रीय सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले. मुलगी आणि जावई टोरंटोजवळ स्थायिक. नातवंड लहान, दोघांच्याही नोकऱ्या. आजी-आजोबांनी येऊन राहावे असा आग्रह. आयुष्यभर फायलींवर नियमांचे अर्थ लावलेला हा माणूस कॅनडाच्या सुपर व्हिसाचे नियम वाचून थकला. ‘दिल्लीत सीजीएचएसचे कार्ड दाखविले की औषध मिळते. तिकडे ते दाखवून पाणीही मिळणार नाही,’ असे ते म्हणाले.

आईवडील आणि आजी-आजोबा यांच्यासाठी कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये हा व्हिसा सुरू केला. जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची सोय झाली, ती स्वागतार्हच. मात्र किमान एक लाख कॅनडियन डॉलरचे संरक्षण देणारा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा ही अट कायम राहिली. प्रथम तो कॅनडातील कंपनीचाच लागे. जानेवारी २०२५ पासून ठरावीक अटींवर बाहेरच्या मान्यताप्राप्त कंपन्यांचा विमाही चालू लागला. कागदावर ही उदारता आहे. प्रत्यक्षात साठी-सत्तरीच्या माणसाला मधुमेह, रक्तदाब किंवा जुने हृदयाचे दुखणे असतेच. अशा पूर्वीच्या आजारांवर विमा कंपन्या अटी घालतात, हप्ता वाढवितात किंवा तो आजार वगळूनच पॉलिसी देतात. व्हिसाची अट पूर्ण होते, परंतु ज्या दुखण्याची धास्ती असते तेच उघडे राहते. व्हिसा अधिकारी पॉलिसीवरील रक्कम पाहतो. अपवादांची बारीक अक्षरे मात्र रुग्णालयात गेल्यावर वाचली जातात.

आखाती देशांतील कामगारांची स्थिती आणखी निराळी. दुबईने २०१३ च्या कायद्याने मालकावर कामगारांच्या आरोग्य विम्याची जबाबदारी टाकली आणि जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीतील सर्व अमिरातींत निवासपरवान्यासाठी विमा सक्तीचा झाला. कामगाराच्या दृष्टीने हे पाऊल पुढचेच आहे. तथापि तेथे नोकरी, निवासपरवाना आणि विमा ही एकाच दोराला बांधलेली तीन गाठोडी आहेत. नोकरी सुटली की बाकीची दोन्ही सुटतात. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना ठरावीक देशांत रोजगारासाठी जाणाऱ्या कामगारांना दहा लाख रुपयांचे संरक्षण देते. पण ते मुख्यतः अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी. रोजच्या आजारपणाची चिंता त्यातून मिटत नाही.

दिल्लीने काय करावे?

या पार्श्वभूमीवर आपल्या सरकारच्या कामगिरीकडे पाहिले तर चित्र संमिश्र दिसते. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी सर्वंकष व्यापार करारावर सह्या केल्या. त्याच्या जोडीने झालेल्या समझोत्यानुसार तात्पुरत्या कामासाठी ब्रिटनला पाठविलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या मालकांना तीन वर्षे तेथील राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतून सूट देण्याचे तेव्हा ठरले. दीर्घकाळच्या मागणीला आलेले हे फळ आहे आणि त्याचे श्रेय वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांना दिलेच पाहिजे. परंतु याच कर्मचाऱ्यांना आरोग्य अधिभार मात्र भरावाच लागेल, हे ब्रिटिश सरकारने स्पष्ट केले. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा प्रश्न कंपन्यांच्या ताळेबंदात ठळक दिसतो; त्यामुळे त्याचा पाठपुरावा उद्योगसंघटना करतात. अधिभाराचा भार मात्र अनेकदा कुटुंबाच्या खिशावर पडतो, आणि कुटुंबांची उद्योगसंघटना नसते.

अनिवासी भारतीयांसाठी २००४ मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र मंत्रालय जानेवारी २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. स्थलांतराचा मूळ कायदा १९८३ चा. त्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा अनेक वर्षांची. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नव्या विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. अशा कायद्याकडून ब्रिटनचा अधिभार रद्द करण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु ज्या देशांत आपले लोक मोठ्या संख्येने जातात तेथील व्हिसा आणि विम्याचे बदललेले नियम भारतीय भाषांतून वेळेवर कळविणे, विम्यातील अपवाद निघण्यापूर्वीच समजावून सांगणे, आणि भावी करारांत आधीच गेलेल्या लोकांना जुन्या अटींचे संरक्षण मिळावे असे कलम आग्रहाने मागणे, एवढे तर सरकारच्या हाती आहे.

हा आग्रह धरताना आपल्या घराकडेही पाहावे लागेल. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आपण ओसीआय कार्ड दिले, ते ‘आजीव’ म्हणून. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण आदींसाठी त्यांना विशेष परवानगीची अट घातली. सुरक्षेची कारणे असतील. पण ज्यांनी आधीच्या अटींवर येथे कामे सुरू केली होती त्यांना तेव्हा काय वाटले असेल, हे लंडनमधील भारतीय अभियंत्याला विचारावे. दुसऱ्याकडे मागावयाचा न्याय आपण स्वतः किती देतो, हे वाटाघाटीच्या मेजावर समोरचा पाहत असतोच.

सार्वभौम अधिकाराचे ते ठरलेले वाक्य पुढच्या अधिवेशनातही ऐकू येईल. सदस्यांनी त्यावर समाधान मानून खाली बसू नये. ‘अधिकार त्यांचा, हे मान्य, पण त्यांनी दिलेल्या शब्दाचे काय, आणि तो पाळला जावा यासाठी आपण काय केले?’ हा पुरवणी प्रश्न त्यांनी विचारला पाहिजे. निवृत्त उपसचिवांनी अखेर एका वर्षाचा विमा काढला. त्यांचा व्हिसा त्याहून कितीतरी मोठ्या मुदतीचा आहे. पुढच्या वर्षी हप्ता किती असेल, हे त्यांना ठाऊक नाही. नातवाची शाळा मात्र आता कुठे सुरू झाली आहे.